आपल्यानंतरही काम चालावे म्हणून
(जव्हार-मोखाड्याच्या निमित्ताने नेतृत्वाचा एक अभ्यासपाठ)



दिवाळी झाली की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर 'जगायला जाणे' हे शब्द वारंवार कानावर पडतात. भाताची कापणी-झोडणी उरकते, घराला कडी लागते आणि मुलाबाळांसह कुटुंबे वीटभट्ट्यांवर, इमारतींच्या बांधकामांवर मजुरीला जातात. काही भिवंडी-ठाण्याकडे जातात, काही आपल्या वसईत येतात. नव्या इमारतीच्या पायथ्याशी ताडपत्रीच्या झोपडीत दिसणारे कुटुंब पुष्कळदा आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगरातून आलेले असते.

अशा कुटुंबांना गावातच जगता यावे म्हणून तेथे लहान लहान उद्योग उभे राहत आहेत. कोठे नाचणीचे पापड, कोठे मोगऱ्याची फुले, कोठे आंबा-काजूच्या बागा, कोठे बांबूच्या वस्तू. यांतील काही टिकतात, काही दोन-तीन वर्षांत बंद पडतात. टिकणे आणि बंद पडणे यांतील फरक पुष्कळदा भांडवलापेक्षा नेतृत्वावर ठरतो. हे नेतृत्व कोणत्या गुणांनी घडते आणि ते कसे शिकता येते, याचा विचार आजच्या पाठात आपण करू.

परिसराची ओळख

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या पूर्व भागात जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. स्वातंत्र्यापूर्वी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. येथील दहांपैकी नऊ लोक आदिवासी आहेत. त्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमाती येतात. भात, नाचणी (तिकडे तिला नागली म्हणतात), वरई, उडीद आणि खुरासणी ही येथील पिके. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो, पण उतारावरून पाणी वाहून जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन दूरच्या झऱ्यांवर जातात. मुंबईची तहान भागवणाऱ्या वैतरणेच्या खोऱ्यातील ही स्थिती आहे.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि हे नाव साऱ्या महाराष्ट्राला कळले. २०१६ साली मोखाड्यातील कुपोषणाच्या बातम्यांनी तोच प्रश्न पुन्हा समोर आणला. कुटुंब जगायला बाहेर पडले की लहानग्याची अंगणवाडी तुटते, मोठ्याची शाळा सुटते, गरोदर बाईची तपासणी राहून जाते. म्हणूनच गावात मिळणाऱ्या चार पैशांचे मोल तेथे फार मोठे आहे. गावातला उद्योग बंद पडला तर त्याची किंमत मुले मोजतात.

या भागात काम करणाऱ्या संस्थांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल. वसंतराव पटवर्धन यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली प्रगती प्रतिष्ठान ही संस्था जव्हारला काम करीत आली आहे. मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने येथे 'वाडी' प्रकल्प राबविला. मोखाड्यात २००६ मध्ये 'आरोहन' हा उपक्रम सुरू झाला, तो मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयातून. या महाविद्यालयाची स्थापना १९५५ मध्ये 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या धर्मभगिनींच्या संघाने केली होती.

सामाजिक उद्योग म्हणजे काय?

दानधर्मात देणारा देतो आणि घेणारा घेतो. साध्या धंद्यात मालक पैसे गुंतवतो आणि नफा त्याचा असतो. सामाजिक उद्योग या दोहोंच्या मधला. तो बाजारात माल विकतो, हिशेब ठेवतो, नफा-तोट्याला सामोरा जातो. पण त्यातून येणारे उत्पन्न काम करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या समाजाच्या उपयोगी पडावे, यासाठीच तो चालविलेला असतो.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली वसईत जी पतपेढी सुरू केली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच माणसांच्या बचतीतून कर्ज मिळावे, हा त्यामागचा विचार. संस्थापक गेले, काळ बदलला, पण शंभर वर्षे उलटल्यावरही संस्था उभी आहे. नेतृत्वाची खरी परीक्षा येथेच होते: नेता बाजूला झाल्यावर काम चालते का? आता त्यासाठी लागणारे गुण एकेक करून पाहू.

१. आधी ऐकून घेणे

बाहेरून मदतीला जाणारा माणूस बहुधा उत्तर बरोबर घेऊनच जातो. "तुम्ही मेणबत्त्या करा, आम्ही यंत्र देतो." यंत्र येते, छायाचित्र निघते आणि वर्षभरात यंत्रावर धूळ बसते, कारण मेण कोठून आणायचे, विकायचे कोठे, भर पावसात पाड्यावरून माल खाली कसा न्यायचा, हे कोणी विचारलेलेच नसते.

ऐकण्याचीही पद्धत असते. गावाच्या सभेत पुढे बसलेले चार पुरुष बोलतात. मागे बसलेल्या बायकांचे म्हणणे ऐकायचे असेल तर विहिरीवर, शेताच्या बांधावर, संध्याकाळी चूल पेटल्यावर जावे लागते. तीन प्रश्न पुरेसे आहेत. तुमच्याकडे आज काय पिकते आणि काय करता येते? वर्षातल्या कोणत्या महिन्यांत हातात पैसा नसतो? याआधी गावात कोणता उद्योग बंद पडला आणि का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते, आणि तो प्रश्न फारच कमी लोक विचारतात.

२. खरा हिशेब मांडणे

सद्हेतूने सुरू केलेले पुष्कळ उद्योग हिशेबात मार खातात. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत.

समजा, एका बचत गटातील चार जणी दिवसभर बसून दहा किलो नाचणीचे पापड करतात. नाचणी ४०० रुपयांची, इतर साहित्य १५० रुपयांचे, पिशव्या व लेबल १०० रुपयांचे. एकूण खर्च ६५० रुपये. पापड १२० रुपये किलोने विकले आणि १,२०० रुपये आले. "५५० रुपये नफा झाला!" म्हणून सगळे खूश होतात. पण माल बाजारात नेण्याचे जीपभाडे २०० रुपये कोणी धरले नाही. ते वजा करता ३५० रुपये उरतात. चौघींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला दिवसभराच्या कामाचे नव्वद रुपयेही येत नाहीत.

यावर "उद्योग फायद्यात आहे" असे म्हणणे ही फसवणूक आहे, मग ती कितीही गोड हसून केलेली असो. त्या बाईला वीटभट्टीवर याहून जास्त मिळत असेल, तर ती दिवाळीनंतर जगायला जाणारच, आणि तिला दोष देता येणार नाही. म्हणून नेत्याने हिशेबात तीन गोष्टी न विसरता धराव्यात: काम करणाऱ्याची मजुरी, वाहतूक आणि खराब होणारा माल. त्यानंतर भाव ठरवावा. तो भाव बाजारात मिळत नसेल तर माल बदलावा, खर्च कमी करावा किंवा दुसरे गिऱ्हाईक शोधावे. मजुरी गिळून भाव कमी करू नये.

हिशेब शिकलेल्यांनाच जमतो, असे समजू नये. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांनी गावातील महिलांसाठी बँक काढायचे ठरविले, तेव्हा अर्ज करणाऱ्या महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये परवाना नाकारला. महिलांनी हार मानली नाही. त्या लिहा-वाचायला शिकू लागल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. "आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो," असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारहाट करणाऱ्या, उसनवारी सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यात हिशेब असतोच. त्याला वहीपर्यंत आणण्याचे काम नेत्याचे.

३. व्यवहार सर्वांसमोर ठेवणे

गट फुटतात ते बहुधा पैसे बुडाल्यामुळे नव्हे, तर पैसे बुडाले असावेत अशा संशयामुळे. कुजबुज सुरू झाली की प्रामाणिक माणूसही टिकत नाही. यावर जुना उपाय बचत गटांच्या पंचसूत्रीत आहे: नियमित बैठक, नियमित बचत, गटांतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नीट नोंदी. राज्यात २०११ पासून चाललेल्या 'उमेद' अभियानातही हाच पाया आहे.

यात एक भर घालावी. प्रत्येक बैठकीत हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर हे फारच आवश्यक. किती माल गेला, किती पैसे आले, कोणाकडे किती येणे आहे, पेटीत किती आहेत. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि वही तिसरीकडे ही साधी रीत कित्येक भांडणे टाळते. आपला एखाद्यावर विश्वास नाही म्हणून ही रीत पाळायची नसते. त्याच्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून पाळायची असते.

४. जबाबदारी वाटून देणे

चांगल्या मनाच्या नेत्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे सगळे स्वतःच करणे. बँकेत तोच जातो, व्यापाऱ्याशी तोच बोलतो, सरकारी कचेरीत त्याचीच ओळख असते. लोक कौतुक करतात. मग एक दिवस तो आजारी पडतो, त्याची बदली होते किंवा तो थकतो, आणि सारे काम एका आठवड्यात थांबते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात असाच एक प्रसंग आहे. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार आली. प्रेषितांनी वाटपाचे काम स्वतःच्या हाती घेतले नाही. त्यांनी समुदायालाच सात माणसे निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप आणि इतर पाच, या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातूनच जबाबदार माणसे निवडली गेली. बैठकीत सर्वांत जास्त तक्रार करणाऱ्या बाईला पुढच्या महिन्याचे वजनकाट्याचे काम देऊन पाहावे. पुष्कळदा तिच्यातूनच उत्तम कार्यकर्ती घडते.

मुंबईतील 'लिज्जत पापड' हे याचे मोठे उदाहरण. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेथे काम करणारी प्रत्येक महिला नोकर नसून सभासद असते. शाखेतून मळलेले पीठ घेऊन जायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. शाखेची व्यवस्था त्यांच्यातीलच एक संचालिका पाहते. काम लहान लहान भागांत वाटलेले आणि प्रत्येक भाग कोणालाही शिकता येईल इतका सोपा, म्हणूनच सात महिलांचे काम हजारोंचे झाले.

५. धीर धरणे आणि धीर देणे

'वाडी' प्रकल्पाची कल्पना बाएफने १९८२ मध्ये गुजरातमधील वांसदा येथे सुरू केली आणि पुढे ती जव्हार परिसरात आली. सुमारे एक एकर जमिनीत आंबा-काजूची कलमे, कडेने कुंपणाची झाडे आणि मधल्या जागेत नेहमीची पिके, अशी तिची रचना. पण कलमांना भरवशाचे फळ यायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर उन्हाळ्यात हंड्याने पाणी घालायचे, गुरांपासून रोपे राखायची आणि घरही चालवायचे. ज्या घरी आज संध्याकाळची चिंता आहे, त्याला पाच वर्षांनंतरची गोष्ट सांगून चालत नाही. म्हणून मधल्या पिकांना महत्त्व. लांबच्या फळाबरोबर जवळचे उत्पन्नही दाखवता आले पाहिजे.

मोगऱ्याने हे काम केले. जव्हार-मोखाडा-विक्रमगड पट्ट्यातील शेतकऱ्यांना मोगऱ्यापासून लवकर रोख पैसा मिळू लागला. पण कळी उमलण्याआधी खुडावी लागते आणि त्याच दिवशी बाजारात पोहोचवावी लागते. दोन किलो कळ्या घेऊन एकटा शेतकरी दादरच्या फूलबाजारात गेला तर भाड्यातच सारे संपते. दहा-वीस शेतकऱ्यांनी एकत्र गाडी केली तर परवडते. येथे नेतृत्व भाषणाचे नाही. भल्या सकाळी काटा धरून प्रत्येकाचे वजन न चुकता लिहिणारा माणूस येथे नेता आहे. त्याने एक दिवस दांडी मारली तर सर्वांच्या कळ्या उमलून वाया जातात. नियमितपणा हाही नेतृत्वाचाच गुण आहे, आणि तो शाळेच्या दाखल्यावर दिसत नाही.

६. वेळेवर बाजूला होणे

शेवटचा गुण सर्वांत अवघड. गट मोठा झाला की ग्रामसंघ किंवा शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. २००२ साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे किमान दहा उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी स्थापू शकतात. तिचे किमान पाच संचालक असावे लागतात आणि शेतकरी सभासदांत भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असते. कायदा समान मत देतो. पण तेच अध्यक्ष आणि तेच सचिव वर्षानुवर्षे राहिले तर मत नावापुरते उरते.

म्हणून पदाची मुदत पहिल्याच दिवशी ठरवावी. प्रत्येक कामाला एक जाणता आणि एक शिकाऊ अशी जोडी असावी. बँकेत जाताना अध्यक्षाने दर वेळी एका नव्या सभासदाला बरोबर न्यावे आणि तिसऱ्या खेपेला तिलाच बोलू द्यावे. वर्षातून एक महिना नेत्याने मुद्दाम बाजूला राहून पाहावे. त्या महिन्यात जे काम अडते, ते शिकवायचे राहिले आहे असे समजावे.

आपण काय करू शकतो?

आपल्या धर्मग्रामात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, फुले-भाजीचा व्यापार पिढ्यान्पिढ्या करणारी कुटुंबे आहेत. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यापेक्षा या माणसांचे चार रविवार अधिक मोलाचे ठरू शकतात. कोणी वही लिहायला शिकवावे, कोणी खाद्यपदार्थांसाठी लागणारी एफएसएसएआयची नोंदणी कशी करायची ते दाखवावे, कोणी बाजारातील ओळख करून द्यावी.

आपल्या सणासमारंभांसाठी अशा गटांकडून माल घेतला तर दया म्हणून घेऊ नये. चांगला असेल तर घ्यावा, ठरलेला भाव द्यावा आणि पैसे त्याच दिवशी चुकते करावेत. उशिरा आलेला पैसा लहान गटाला बुडवतो. माल खराब निघाला तर तसे स्पष्ट सांगावे. खोट्या कौतुकाने कोणी शिकत नाही. आणि निर्णय त्यांचे त्यांना घेऊ द्यावेत, ते आपल्याला पटले नाहीत तरीही.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या महिला मंडळात, युवक संघटनेत किंवा पतपेढीत असे कोणते काम आहे, जे एकाच व्यक्तीवाचून अडते? ते दुसऱ्या कोणाला शिकवता येईल?

२. आपल्या मंडळाचा हिशेब सर्व सभासदांना समजेल अशा रीतीने शेवटचा केव्हा वाचून दाखवला गेला?

३. आपल्या परिसरातील बांधकामांवर जव्हार-मोखाड्याहून आलेली कुटुंबे आहेत का? त्यांच्या मुलांची शाळा-अंगणवाडी येथे सुरू आहे का? या आठवड्यात दोघांनी मिळून जाऊन विचारावे, आणि प्रथम फक्त ऐकून घ्यावे.